मेमोरियल ट्री किटचा रिव्ह्यू: मातीचं पाकीट चांगलं, बिया बाद, रोप मात्र आपलं आपण निवडा

आधीच सांगते, ५ पैकी ३ स्टार, आणि त्यातले दोन नुसत्या मातीच्या पाकिटाला आहेत. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये कारण असली किट विकणारे बरेच आहेत, मी घ्यायच्या आधी बऱ्याच जणांची माहिती वाचली आणि सगळ्यांचं चाललेलं साधारण एकच असतं, आपल्या गेलेल्या प्राण्याची राख घ्या, त्यात आमचं मिश्रण घाला, बी पेरा आणि तुमचा लाडका झाड होऊन परत येईल. आमचा बबड्या म्हणजे बोका, म्हातारा होऊन गेला, त्याच्याबद्दल इथे लिहायला बसले तर रिव्ह्यू राहूनच जाईल, त्यामुळे सरळ मुद्द्यावर येते.

खोक्यात काय येतं: कागदाच्या लगद्याचा एक डबा (जमिनीत कुजून जाणारा), मातीत मिसळायच्या मिश्रणाचं पाकीट, बियांचं पाकीट, एक छोटी "ऑरगॅनिक खत" लिहिलेली पुडी, नाव लिहायचा धातूचा टॅग तारेसकट, आणि एक सर्टिफिकेट ज्याचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही. पॅकिंग खरंच छान आहे, हळुवार रंग, कुठे उगाच चकचकाट नाही, उघडताना त्रास होत नाही, आणि त्या दिवसांत ही गोष्ट छोटी नसते. पण पॅकिंग सोडलं तर झाड जगेल का मरेल हे ठरवणाऱ्या गोष्टी माहितीपत्रकात एकतर नाहीत किंवा शेवटच्या पानावर बारीक अक्षरात आहेत, म्हणून हा एवढा मोठा रिव्ह्यू.

पहिली गोष्ट राखेची. माहितीपत्रकात लिहिलंय की राख झाडाला "पोषण देते". हे वाक्य वाचून माझं डोकं फिरलं कारण असं काही नसतं. दहन केल्यावर जे हातात येतं ती खरं तर राख नसतेच, हाडांची पूड असते, मुख्यतः कॅल्शियम फॉस्फेट. मांस, केस, त्यातला सगळा नायट्रोजन आणि जवळजवळ सगळा कार्बन जळून गेलेला असतो. जे उरतं त्याचा पीएच (आम्लता-अल्कता मोजायचा आकडा) ११-१२ च्या आसपास जातो, म्हणजे प्रचंड अल्कधर्मी, आणि त्यात सोडियमचे क्षार भरपूर. फॉस्फरस आहे हे खरं, पण तो अशा रूपात अडकलेला असतो की अल्कधर्मी मातीत तो विरघळत नाही आणि मुळांना मिळत नाही. वर लोक चुलीतल्या लाकडाच्या राखेशी गल्लत करतात, ती बागेत टाकतात ना मग ही पण चालेल, तर नाही, लाकडाच्या राखेत पोटॅश आणि चुना असतो, हे प्रकरण वेगळं आहे. सगळी राख एकगठ्ठा खड्ड्यात ओतून वर रोप लावलं तर पानं कडेने करपतात, मुळं जळतात, आणि माणूस म्हणतो की माझ्या हाताला गुण नाही. हाताचा काही संबंध नाही, मिठाचा आहे.

आता मिश्रणाचं पाकीट. त्यावरच्या यादीनुसार त्यात कंपोस्ट, कोकोपीट आणि गंधक आहे, आणि हे सेन्सिबल आहे. कंपोस्टने राख पातळ होते, पीएचचा झटका कमी बसतो, गंधकावर मातीतले जिवाणू काम करतात आणि हळूहळू आम्लता वाढते. हळूहळू म्हणजे कित्येक आठवडे ते महिने, त्यामुळे आज मिसळलं आणि उद्या रोप लावलं असं करण्यात काही अर्थ नाही, मिसळून, ओलं करून तसंच ठेवून द्यायचं. हे बारीक अक्षरात आहे आणि वर मोठ्या अक्षरात "लगेच लावा" आहे, ते कसं काय ते त्यांनाच माहीत. पण एक गोष्ट कुठलंच मिश्रण करू शकत नाही, ती म्हणजे मीठ घालवणं. पीएच बदलता येतो पण सोडियम धुवूनच जावा लागतो, भरपूर पाणी घालायचं आणि ते खालून निघून गेलं पाहिजे. आणि या किटच्या डब्याला खाली भोकच नाही! जमिनीत पुरला तर तो कुजेल आणि पाणी जाईल मार्गी, पण माहितीपत्रकात चित्र कुंडीचं आहे, कुंडीतल्या डब्यात खाली क्षार साचत बसणार आणि रोपाची मुळं वरून खाली नेमकी तिथेच जाणार. तुम्ही घेतलं असेल तर डब्याला बुडाशी पाच-सहा भोकं पाडा, किंवा डबा बाजूला ठेवा आणि राख मातीत नीट पसरवून मिसळा.

राख किती निघते याचा अंदाज बऱ्याच जणांना नसतो म्हणून सांगते, जनावराच्या वजनाच्या दर किलोला साधारण ३५ मिली. पाच किलोचं मांजर म्हणजे पावणेदोनशे मिलीच्या आसपास, पंचवीस किलोचा कुत्रा म्हणजे पाऊण लिटरच्या वर. मांजराची राख एका मोठ्या कुंडीत जमेल, मोठ्या कुत्र्याची सगळी राख एका कुंडीत घालणं म्हणजे रोपाला मुद्दाम मारणं. माझं सरळ मत आहे की कुंडीत चमचाभर घाला, मनाला तेवढं पुरतं, बाकीची जिथे तो लोळायचा तिथे पातळ पसरवा किंवा डब्यात जपून ठेवा. चमचाभर घातल्याने झाड "त्याचं" होत नाही असं कोणी म्हणत असेल तर म्हणू दे.

बिया. इथे एक स्टार पूर्ण कापला. पाकिटात ज्या झाडाच्या बिया होत्या ते थंड प्रदेशातलं झाड, मेपलसारखं, आणि अशा बऱ्याच झाडांच्या बियांना उगवायच्या आधी काही आठवडे ओल्या थंडीत काढावे लागतात, निसर्गात त्या हिवाळाभर जमिनीवर पडून राहतात ना, ते आपण फ्रिजमध्ये ओल्या कोकोपीटमध्ये ठेवून करायचं असतं. याबद्दल माहितीपत्रकात अक्षर नाही. आणि समजा उगवलं, तर बारीक कोवळं रोप, ज्याला पहिल्या वर्षात गोगलगाय खाऊ शकते, बुरशी येऊ शकते, दोन दिवस पाणी चुकलं तर जाऊ शकतं. साध्या बागेत दहा बिया टाकल्या आणि तीन आल्या तर आपण खूश असतो. इथे मात्र बी उगवलं नाही म्हणजे माणूस दुसऱ्यांदा रडतो. ज्याने नुकतंच कोणीतरी गमावलंय त्याच्या हातात जगेल की नाही याची खात्री नसलेली वस्तू द्यायचीच कशाला, हा माझा या सगळ्या प्रकारच्या किट्सवरचा मुख्य आक्षेप आहे. माझ्या बिया उगवल्या नाहीत, आणि मी त्या फ्रिजमध्ये ठेवून मगच पेरल्या होत्या.

"तो झाडातून परत येईल" या वाक्याबद्दल पण थोडं बोलते कारण बरेच लोक नेमके त्यासाठी पैसे मोजतात. सुक्या लाकडाच्या वजनात जवळपास निम्मा कार्बन असतो आणि तो झाड मातीतून घेत नाही, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून घेतं. म्हणजे राखेतून झाड बनत नाही. उलट दहनाच्या वेळी जे धुरातून वर गेलं, तो कार्बन हवेत मिसळला, आणि तो कुठल्याही झाडाच्या पानात गेलेला असू शकतो, रस्त्यावरच्या गवतात पण. मला हे कळल्यावर बरं वाटलं, नवऱ्याला अजिबात वाटलं नाही, तो म्हणाला तू कशाला असलं वाचतेस. असो. सांगायचा मुद्दा, राख आणि झाड यांचा संबंध आपल्या मनात आहे, केमिस्ट्रीत नाही, त्यामुळे झाड निवडताना राखेचा विचार बाजूला ठेवा आणि नर्सरीत जाऊन चांगलं धट्टंकट्टं रोप घ्या.

तर आता रोप. किटमधल्या कार्डावर झाडांचे "अर्थ" छापलेत, अमुक झाड म्हणजे निष्ठा, तमुक फूल म्हणजे निरागस प्रेम. ते वाचून निवडू नका. आठवणीसाठी लावायच्या झाडात मी एकच गोष्ट आधी बघेन, हे झाड मरायला किती कठीण आहे. बाकी सुगंध, रंग, फुलं सगळं नंतर. कारण साधी झाडं आपण निगुतीने वाढवतो पण आठवणीच्या झाडाला लोक प्रेमाने मारतात, उठसूट पाणी घालतात, जागा बदलतात, एक पान पिवळं पडलं की खत ओततात. बोट मातीत दोन पेरं घालून बघायचं, आत ओल लागली तर झारी खाली ठेवायची, एवढं जरी पाळलं तरी पुष्कळ.

मरायला कठीण म्हणजे काय तर एक, जे छाटलं, वाळलं, गोठलं तरी बुडातून फुटतं, आणि दोन, जे स्वतःच्या मुळांवर आहे. हे दुसरं कोणीच सांगत नाही म्हणून जरा सविस्तर. नर्सरीतले बरेचसे गुलाब डोळा भरलेले असतात, म्हणजे खाली रानगुलाबाचा खुंट आणि वर आपल्याला हवी ती जात. एखाद्या वाईट वर्षी वरची जात मेली तर खालून खुंट फुटतो, जोमाने फुटतो, आणि तुम्ही कौतुकाने पाणी घालत राहता आणि एक दिवस त्याला भलतीच फुलं येतात. साध्या बागेत हसून सोडून देऊ, पण हे झाड त्याच्या नावाचं असेल तर ते तेच राहिलं नाही ना. त्यामुळे गुलाब घ्यायचा तर कटिंगपासून केलेला, स्वतःच्या मुळांवरचा मागा. ओळखायचं कसं, तर कलमी रोपाच्या खोडावर बुडाशी गाठ किंवा फुगवटा दिसतो, कटिंगच्या रोपाला ती नसते. आणि कलमीच घेतलं असेल तर गाठीच्या खालून येणारा प्रत्येक फुटवा लगेच उपटून काढायचा, कापायचा नाही, कापला की परत येतो.

स्वतःच्या मुळांची ताकद काय असते याचं एक उदाहरण मला फार आवडतं. जर्मनीतल्या हिल्डेसहाइम गावात कॅथेड्रलच्या भिंतीवर एक गुलाब आहे, रोझा कॅनिना जातीचा साधा रानगुलाब, कित्येक शतकं जुना, लोक त्याला हजार वर्षांचा म्हणतात. मार्च १९४५ मध्ये बॉम्बहल्ल्यात कॅथेड्रल पडलं, गुलाब वर जळून गेला आणि ढिगाऱ्याखाली मुळं जिवंत राहिली, त्यातून तो पुन्हा फुटला, आजही तिथे आहे. कलमी असता तर असा तोच तो परत आला नसता. आपल्या गॅलरीत कोणी बॉम्ब टाकणार नाहीये पण आपण सुट्टीला गेल्यावर शेजारी पाणी घालायला विसरतात, तेही पुरेसं असतं.

दुसरी कसोटी, त्याचं दुसरं रोप करता येतं का. हे ऐकायला जरा निष्ठुर वाटेल पण आठवणीच्या झाडाची एक कॉपी पहिल्या वर्षापासून असली पाहिजे. कटिंगपासून किंवा गुटी कलमापासून (फांदीला झाडावरच मुळं फोडून) केलेलं रोप म्हणजे तेच झाड, जसंच्या तसं, बियांपासून केलेलं म्हणजे त्याचं पोर. मोगऱ्याच्या अर्धवट पिकलेल्या काडीला उबदार दमट हवेत मुळं फुटतात, गुलाबाची पेन्सिलएवढी जाड काडी लागते, रोझमेरी तर बहुतेक पाण्यात ठेवली तरी मुळं धरते. एक कॉपी स्वतःकडे, एक बहिणीकडे किंवा मित्राकडे. मूळ झाड गेलं तर रडायचं कारण निम्मं होतं, आणि शिवाय तुमचं घर भाड्याचं असेल, उद्या बदलावं लागलं, तर जमिनीतलं झाड उपटून नेता येत नाही पण काडी नेता येते. आमचं घर भाड्याचंच आहे, म्हणून मी जमिनीचा विचारच केला नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि यावर किटवाल्यांनी एक ओळ सुद्धा लिहू नये याचा मला खरंच राग आलाय. ज्यांच्याकडे एक प्राणी गेला त्यांच्याकडे बऱ्याचदा दुसरा असतो, किंवा पुढेमागे येतो. आमच्याकडे शेरी आहे, कुत्री, जी दिसेल ते उकरते आणि उकरलेलं चावून बघते. मग त्याच्या आठवणीत लावलेलं झाड हिलाच विषारी असेल तर काय उपयोग? आणि कार्डावर छापलेल्या "अर्थपूर्ण" झाडांत चक्क लिली आहे! लिली मांजरासाठी जीवघेणी आहे, खऱ्या लिलीचं किंवा डे लिलीचं पान चघळलं, अंगावर पडलेले पराग चाटले, अगदी फुलदाणीतलं पाणी प्यायलं तरी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. मांजराच्या आठवणीसाठी लिली सुचवणाऱ्याला काय म्हणावं.

बाकी टाळायची नावं सांगते. कण्हेर आणि पिवळी कण्हेर, दोन्ही, पानाफुलांपासून मुळांपर्यंत हृदयावर परिणाम करणारं विष. अडेनियम त्याच कुळातलं, दिसायला बोन्साय, म्हणून लोक छोट्या कुंडीसाठी हमखास घेतात. सायकस, ज्याला सागो पाम म्हणतात, त्याच्या बिया खाल्ल्या तर कुत्र्याचं यकृत जातं. अझेलिया आणि ऱ्होडोडेंड्रॉन. यू नावाचा सूचिपर्णी वृक्ष, जो थंड देशांत बागेत सर्रास असतो. टणटणी. धोतरा आणि त्याची मोठी बहीण ब्रुगमॅन्सिया, ती खाली लटकणाऱ्या कर्ण्यांची. आणि एक खास, ब्रुन्फेल्सिया, ज्याला यस्टरडे टुडे टुमारो म्हणून विकतात, फूल जांभळं उमलतं, मग फिकट होतं, मग पांढरं. नाव आणि रंग बघून आठवणीसाठी हेच पाहिजे असं कोणालाही वाटेल, मला पण नर्सरीतल्या दादांनी तेच काढून दिलं, "ताई, हे बघा, तुमच्या कामाचं." कुत्र्यांना याने झटके येतात, बिया आणि फळं तर फार वाईट. मी दादांना सांगितलं तर त्यांना माहीत नव्हतं आणि त्यांनी ते मनापासून ऐकून घेतलं, हे त्यांच्या बाजूने लिहायला हवं.

नावांचा घोळ वेगळाच. जस्मिन म्हणून विकलं जातं ते प्रत्येक वेळी जस्मिन नसतं, कॅरोलिना जेसमिन नावाची पिवळ्या फुलांची वेल आहे ती विषारी, केप जस्मिन म्हणजे आपला अनंत, तो खाल्ला तर उलट्या जुलाब. लिलॅकचं पण तसंच, खरा लिलॅक म्हणजे सिरिंगा, तो बिनविषारी, पण पर्शियन लिलॅक या नावाने बकाण निंब पण विकतात आणि त्याची फळं विषारी. म्हणून लेबलवरचं शास्त्रीय नाव वाचा, नसेल तर विचारा, तेही माहीत नसेल तर घेऊ नका. अमेरिकेतल्या एएसपीसीए संस्थेची विषारी आणि बिनविषारी झाडांची यादी ऑनलाइन फुकट आहे, कुत्रा, मांजर, घोडा असं वेगवेगळं दिलेलं असतं, नर्सरीत उभं राहून फोनवर बघता येते.

त्या खताच्या पुडीबद्दल. वर नुसतं "ऑरगॅनिक" लिहिलंय, आत काय ते नाही, मी ती वापरली नाही आणि तुम्हीही वापरू नका. ऑरगॅनिक खतांत बऱ्याचदा बोनमील, ब्लडमील (हाडांची, रक्ताची पूड) असतं, त्याच्या वासाने कुत्रा नेमकी तीच जागा उकरतो आणि जास्त खाल्लं तर पोटात गोळा होऊन अडकतं. एरंडाची पेंड त्याहून भयंकर, तिच्यात रायसिन हे जहाल विष राहू शकतं आणि कुत्र्यांना ती चवीला आवडते. कोको मल्च म्हणून कोकोच्या सालींचं आच्छादन मिळतं, त्यात चॉकलेटमधलंच, कुत्र्यांना विषारी असलेलं थिओब्रोमिन असतं. गोगलगाय मारायच्या गोळ्या पण नकोत, मेटाल्डिहाइडवाल्या तर अजिबातच नकोत. साधं चाळलेलं कंपोस्ट घाला, पहिल्या वर्षी त्याच्यापुढे काही लागत नाही.

मग काय घ्यायचं? जागा आणि हवामान बघून. थंडीत गोठणारा प्रदेश असेल आणि जमीन तुमची असेल तर लिलॅक, त्याला फुलायला हिवाळ्याची थंडी लागतेच, किंचित अल्कधर्मी माती चालते म्हणजे थोडी राख सहन करेल, आणि स्वतःच्या मुळांवरचा लिलॅक शंभर वर्षांच्या पुढे सहज जातो, बुडातून फुटत राहतो. ऊन भरपूर असेल तर क्रेप मर्टल, छोटं झाड हवं असणाऱ्यांसाठी माझ्या मते सगळ्यात उत्तम, कितीही छाटा, जमिनीपर्यंत वाळलं तरी फुटतं, साल सोलून खोड गुळगुळीत दिसतं, प्राण्यांना धोका नाही, फक्त बुटकी जात आहे का मोठी ते आधी विचारा कारण काही जाती सहा-सात मीटरच्या वर जातात. बॉटलब्रश पण तसाच काटक, पक्षी येतात. कॅमेलिया सुंदर आणि प्राण्यांना सुरक्षित, पण तिला आम्ल माती लागते म्हणजे राखेशी उभा दावा, राख घालायचीच नसेल तर घ्या. हायड्रेंजिया गंमतीशीर, काही जातींची निळी फुलं माती अल्कधर्मी झाली की गुलाबी होतात, म्हणजे राखेने रंग बदलेल, पण चघळलं तर पोट बिघडतं म्हणून आमच्यासाठी बाद. रोझमेरी कुंडीत मस्त, कोरडी माती, भरपूर ऊन, प्राण्यांना चालते, फक्त तिचं आयुष्य फार मोठं नाही, कटिंग करत राहायचं.

मी मोगरा घेतला. झुडूप, कुंडीत आयुष्यभर राहतं, काडीने वाढतं, जोरात छाटलं की जास्त फुलतं, शेरीने चघळला तरी काही होत नाही, संध्याकाळी गॅलरीत वास येतो. कडाक्याची थंडी त्याला सोसत नाही, तसं हवामान असेल तर हिवाळ्यात घरात उजेडात ठेवावा लागेल. बबड्याचा आणि मोगऱ्याचा तसा काही संबंध नव्हता, तो त्याच्याखाली कधी बसलेला नाही, पण काटक आहे ना, बस.

रोप घेताना फुलं बघू नका, मुळं बघा. पिशवीतून हलकेच सरकवून दाखवा म्हणा, चांगला नर्सरीवाला दाखवतो. मुळं पांढरट आणि पसरलेली हवीत, गोल गोल फिरून पिशवीचा आकार धरलेली असतील तर ते रोप फार दिवस तिथे अडकलंय, ती मुळं तशीच फिरत राहून पुढे स्वतःचाच गळा आवळतात. उंच आणि बारीक रोपापेक्षा बुटकं आणि जाड खोडाचं घ्या. जमिनीत लावताना खड्डा हुंडीच्या (मुळांभोवतीच्या मातीच्या गोळ्याच्या) दुप्पट-तिप्पट रुंद पण हुंडीइतकाच खोल, खोड जिथे मुळांकडे रुंदावतं तो भाग मातीच्या वर दिसला पाहिजे, आणि आच्छादन खोडाला चिकटवायचं नाही. घरात नर कुत्रा असेल तर पहिल्या वर्षी भोवती जाळी लावा, तो श्रद्धांजली त्याच्या पद्धतीने वाहणार आणि खालची पानं जळणार.

ज्यांनी दहन न करता पुरलंय किंवा पुरायचा विचार आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. आधी तुमच्याकडचे नियम बघा, सगळीकडे परवानगी नसते. निदान तीन फूट खोल, विहीर आणि पाण्यापासून लांब, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळू नका, सुती कापड चालतं. डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन झोपवलं असेल तर जास्तच काळजी, त्यातलं पेंटोबार्बिटल शरीरात बराच काळ टिकतं आणि कोणी उकरून खाल्लं तर तेही मरू शकतं, गिधाडं आणि गरुड असे मेल्याच्या नोंदी आहेत. वरून सपाट दगड ठेवा. झाड बरोबर वर लावू नका, बाजूला लावा, खालची जमीन हळूहळू खचते आणि कुजताना सुरुवातीला एवढा अमोनिया निघतो की कोवळी मुळं करपतात. हॅमस्टर किंवा पक्षी असेल तर हे सगळं लवकर आटोपतं, मोठ्या कुत्र्याला वेळ लागतो. तोवर रोप कुंडीत वाढवा, घाई नाही.

राहिला तो टॅग. दिसायला सुबक आहे, नाव नीट कोरलं जातं. पण तो तारेने फांदीला बांधायला सांगितलंय, फांदी जाड होते आणि तार होत नाही, वर्षा-दोन वर्षांत ती सालीत रुतते आणि वरची फांदी वाळते. कुंडीत एक काठी रोवून तिला लावा, मी तेच केलंय. डब्याच्या भोकाबद्दल आणि लिलीबद्दल कंपनीला लिहिलं होतं. भोकाबद्दल उत्तर आलं की पुढच्या बॅचमध्ये बघू, लिलीबद्दल काहीच नाही, आणि बियांचं नवीन पाकीट मात्र न मागता पाठवून दिलंय. फ्रिजमध्ये जागा असेल आणि धीर असेल अशा कोणाला हवं असेल तर खुशाल घेऊन जा.